व्हर्जिनियातलं गाऱ्हाणं

शेरीफने माझे केस मुठीत धरून वर ओढले, नीट निरखले आणि भर कचेरीत जाहीर केलं, "सरळ आहेत, साहेब."

"किती सरळ?" कर्नल बर्विकनी विचारलं. ते मुख्य न्यायाधीश. सांध्यांच्या दुखण्याने त्यांचा उजवा पाय भोपळ्याएवढा सुजला होता आणि तो त्यांनी समोर स्टुलावर, उशी घालून ठेवला होता.

"घोड्याच्या शेपटीइतके." शेरीफने आपल्याच हाताचा वास घेतला. "पण डुकराची चरबी चोपडलीय. एवढ्या चरबीने काटेरी झुडूपसुद्धा सरळ होईल."

लोक खो खो हसले. तो आरोप खोटा नव्हता. माझ्या सोबत्याची बायको डिना हिने त्याच सकाळी वाटीभर चरबी माझ्या टाळूवर थापली होती, आणि आता आसपासच्या सगळ्या माश्या माझ्या डोक्यावर जत्रेला जमल्या होत्या. त्या हाकलायच्या नाहीत, असं वकिलाने मला बजावलेलं. इंडियन माणूस म्हणे माश्यांकडे लक्ष देत नाही.

हे घडलं अमेरिकेत, व्हर्जिनिया नावाच्या मुलखात. तिथल्या लोकांची तेव्हा इंग्रजांच्या राजाशी लढाई चालू होती. मी मालवणचा रवळू तांडेल तिथे कसा पोचलो ते थोडक्यात सांगतो. मुंबईला कंपनीच्या जहाजावर खलाशी म्हणून चढलो. लंडनला जहाजाने मला उतरवलं आणि परत घ्यायचं विसरलं. थंडीने काकडत होतो, तेव्हा एका गोड बोलणाऱ्या माणसाने कागद पुढे केला. चार वर्षं चाकरी, मग मोकळा. मी अंगठा दिला. व्हर्जिनियात तो कागद आणि त्याच्याबरोबर मी, असे दोघेही हार्ग्रोवसाहेबाच्या ताब्यात गेलो. चार वर्षं भरल्यावर मी कागदाची आठवण केली, तर साहेब म्हणाला, "कसला कागद?" तोवर त्याने माझं नाव पॉम्पी ठेवलं होतं आणि सरकारदरबारी मला निग्रो गुलाम म्हणून चढवलं होतं. त्यालाही आणखी चार वर्षं उलटून गेली होती.

हार्ग्रोवची नदीवर नाव होती. अलीकडच्या तीरावर त्याची तंबाखूची शेती, पलीकडच्या तीरावर कचेरी. नावेची दोन वल्ही, एक माझं आणि एक क्वाकोचं. त्याच्या जमातीत बुधवारी जन्मलेल्या मुलाला क्वाको म्हणतात. मालक त्याला जॅक म्हणायचा. डिना क्वाकोची बायको, मालकाच्या मुदपाकखान्यात होती. आठ वर्षं मी आणि क्वाको एका फळीवर खांद्याला खांदा लावून बसलो. त्याने मला इंग्रजी शिकवलं, मी त्याला मालवणी शिव्या शिकवल्या. दोघांचाही फायदा झाला.

आमच्यासमोर बसून हार्ग्रोव रोज कुणा ना कुणाला ऐकवायचा, "राजा आम्हाला गुलामांसारखं वागवतो. आम्ही माणसं आहोत. आम्ही हे सहन करणार नाही!" ऐकणारे माना डोलवायचे. वल्ही आम्ही मारायचो.

त्याच नावेतून टर्नहॅम नावाचा एक तरुण वकील जायचा यायचा. एकदा वल्हं माझ्या नडगीवर आपटलं आणि मी मालवणीत दोन-चार शब्द बोललो. वकिलाने कान टवकारले.

"ही कुठली भाषा? तू कुठला?"

"मी इंडियाचा, साहेब."

"म्हणजे इंडियन?" तो नावेत उठूनच उभा राहिला. "अरे, या राज्यात इंडियन माणसाला गुलाम ठेवता येत नाही!"

"पण साहेब, तुमच्या रानातले इंडियन वेगळे. मी खऱ्या इंडियाचा. तो कोलंबस जिथे यायला निघाला आणि वाट चुकला, तिथला."

वकील हळूच खाली बसला. "हे आणखी कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"सांगूही नकोस. कायद्यात 'इंडियन' एवढंच लिहिलंय. कुठला, ते लिहायचं राहून गेलंय."

असा माझा खटला उभा राहिला. जिंकलो तर मोकळा. हरलो तर काय, ते हार्ग्रोवने आधीच सांगून ठेवलं होतं. चाबूक तर होताच, शिवाय उरलेला जन्म भाताच्या चिखलात, दक्षिणेला, जिथून कुणी परत आलेलं ऐकिवात नव्हतं.

खटल्याच्या सकाळी धक्क्यावर डिना माझ्या डोक्याला चरबी चोळत होती आणि क्वाको मला शिकवत होता.

"म्हण, 'साहेब, मी निग्रो नाही.'"

"साहेब, मी निग्रो नाही."

"असं पुटपुटू नकोस. छाती काढ. मी समोर उभा आहे असं समज, माझ्याकडे बोट दाखव आणि म्हण, मी यांच्यातला नाही."

मला ते बोट काही उचलवेना. आठ वर्षं ज्याच्या घामाचा वास माझ्या अंगाला लागला होता, त्याच्याकडे बोट दाखवून मी काय म्हणणार?

"अरे बोल, लाजतोस काय नवरीसारखा!" तो हसला. "दार उघडतंय तर बाहेर पड. चौकट कशाची आहे ते नंतर बघ."

डिना हसली नाही. हार्ग्रोवने तिला आपल्या लेकीच्या घरी, दोनशे कोसांवर, पाठवायचं ठरवलं होतं. गाडी पुढच्या आठवड्यात निघणार होती. क्वाकोबद्दल कुणी काही ठरवलं नव्हतं, कारण नाव चालवायला कुणीतरी हवंच होतं.

"किती वेळ चालेल तुझा खटला?" क्वाकोने विचारलं.

"वकील म्हणतो, तासाभरात निकाल."

"आठ वर्षांचा निकाल तासाभरात? छे. दुपारपर्यंत ओढ. ओहोटी लागेपर्यंत तरी."

"ओहोटीचा आणि खटल्याचा काय संबंध?"

"काही नाही रे. बड्या लोकांना घाम फुटलेला बघायचाय."

मी जातीचा तांडेल. ओहोटी म्हटल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण त्या दिवशी डोक्यात चरबीशिवाय काही नव्हतं. नदीच्या मुखाशी राजाची लढाऊ जहाजं येऊन थांबली होती, आणि आपल्या मालकाला सोडून जो त्यांच्याकडे जाईल तो मोकळा, अशी बातमी सगळ्या चाळींत, म्हणजे आमच्या झोपड्यांच्या रांगांत, फिरत होती. क्वाकोने ती मला महिन्यापूर्वीच सांगितली होती. मी म्हणालो होतो, "इंग्रज आणि शब्द पाळणार? मला विचार." त्यावर तो म्हणाला होता, "दोन्हीकडचे खोटारडेच आहेत. पण इकडचा खोटेपणा बघून झालाय." एवढ्यावर ते बोलणं संपलं होतं, निदान मला तरी तसं वाटलं होतं.

तर आता कचेरीत. केसांची तपासणी झाली, नाकाची झाली, दातांचीही झाली, ती कशासाठी ते मला आजवर कळलेलं नाही. मग साक्षी सुरू व्हायच्या होत्या, आणि तिथे गाडं अडलं.

टर्नहॅम म्हणाला, "माझा अशील स्वतः सांगेल."

"तो ख्रिस्ती आहे का?" कर्नलनी विचारलं.

"नाही."

"मग त्याची शपथ चालत नाही."

"आठ वर्षं त्याच्याबरोबर काम केलेला जॅक बाहेर नावेपाशी आहे. तो सांगेल."

"गोऱ्या माणसाविरुद्ध काळ्याची साक्ष चालत नाही. दुसरं कोण?"

दुसरं कोणी नव्हतं. थोडक्यात, खरं काय ते ज्यांना ठाऊक होतं त्या सगळ्यांना बोलायची बंदी होती. बोलायची मुभा एकट्या हार्ग्रोवला, आणि त्याची ख्रिस्ती शपथ कायद्याने एकदम चोख होती. त्याने बायबलावर हात ठेवला आणि मी आफ्रिकेतून आलेला पॉम्पी असल्याचं डोळ्याची पापणीही न लववता सांगितलं.

तेवढ्यावर तो थांबला असता तर मी आज भाताच्या चिखलात असतो. पण माणसाला जिंकल्यावर थांबता येत नाही.

"साहेब," तो म्हणाला, "हा इंडियन म्हणतो ना स्वतःला? मी एक खराखुरा इंडियन बरोबर आणलाय. त्याला याच्याशी बोलू द्या. पॉम्पीला एक शब्द कळला, तर माझं नाव बदला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टर्नहॅमचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला, आणि मुळात तो पांढराच होता.

"पण इंडियन माणसाची साक्षही चालत नाही," शेजारचे न्यायाधीश कुजबुजले.

कर्नलनी थोडा विचार केला. "साक्षीदार म्हणून चालत नाही. दुभाष्या म्हणून चालेल."

सायमन नावाचा तो म्हातारा पुढे आला. नदीच्या वरच्या अंगाला त्याच्या जमातीची चार घरं उरली होती. तो मासे विकायला गावात यायचा. त्याच्या बापजाद्यांची जाळी लावायची जागा हार्ग्रोवने गेल्या वर्षी कुंपण घालून बळकावली होती. हार्ग्रोवला ते आठवतही नसावं. लाथ मारणारा विसरतो, ज्याला बसते तो विसरत नाही.

आरोपी आणि साक्षीदार उभे राहतात त्या लाकडी चौथऱ्यावर आम्हा दोघांना शेजारी शेजारी उभं केलं. समोर न्यायाधीश, आणि त्यांच्या पाठीमागे उंचावर एक खिडकी. खाली बाकांवर बसलेल्यांना त्या खिडकीतून नुसतं आभाळ दिसायचं. आम्हा दोघांना चौथऱ्यावरून नदी दिसत होती.

सायमनने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. डोक्यावरच्या माश्यांपाशी तो जरा थांबला. मग घशातून काहीतरी एक शब्द बोलला.

मला ओ की ठो कळलं नाही. कचेरी श्वास रोखून बसली होती. टर्नहॅमने डोळे मिटले. तेवढ्यात मला वास आला. म्हाताऱ्याच्या अंगाला ताज्या मासळीचा वास येत होता. आठ वर्षांत इतकं घरचं मला काही भेटलं नव्हतं. तोंडातून आपोआप निघालं, "इसवण."

म्हाताऱ्याच्या भुवया किंचित वर गेल्या. तो दुसरा एक शब्द बोलला.

"सरंगो," मी म्हणालो.

तो आणखी एक बोलला.

"बांगडो. पेडवो. तारली." आता मला थांबवेना. "मोरी. सुंगटां. कुर्ल्यो!"

तो मान डोलवत एकेक शब्द टाकत होता, मी एकेक मासा टाकत होतो. शेवटी शेवटी आम्ही हातवारेही करायला लागलो. लोक माना इकडून तिकडे फिरवत होते.

"काय बोलतोय तो?" कर्नलनी विचारलं.

"घरचं बोलतोय," सायमन गंभीरपणे म्हणाला.

"तुला कळतंय?"

"सगळं."

हार्ग्रोव ताडकन उठला. "थापा आहेत! हे काहीही बडबडतायत!"

"दुभाष्या तुम्हीच आणलात, मिस्टर हार्ग्रोव," कर्नल म्हणाले. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. टर्नहॅमच्या गालांवर रंग परतला.

मी जिंकलो होतो. कर्नलनी लेखणी उचलली होती. आणि मी सुटकेचा श्वास सोडत सहज वर पाहिलं, तर खिडकीतून नदी दिसली, आणि नदीत आमची नाव.

ती मधोमध होती. तिचं तोंड पलीकडच्या तीराकडे नव्हतं. ते खाली, समुद्राकडे होतं. ओहोटी लागली होती. एका वल्ह्यावर क्वाको होता आणि दुसऱ्यावर, माझ्या जागी, डिना. तिला वल्हं मारता येत नव्हतं. नाव नागमोडी चालली होती. मध्ये आणखी पाच-सहा डोकी खाली वाकून बसलेली. पुढच्या वळणाला पाइनची दाट झाडी आहे, तिच्याआड गेली की कचेरीच्या धक्क्यावरून कुणाला दिसली नसती. पण वळण अजून बरंच लांब होतं. धक्क्यावर घोडे बांधलेले होते, शेरीफच्या माणसांकडे बंदुका होत्या, आणि सगळी माणसं माझी गंमत बघायला आत बसली होती.

त्याने मला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी खटला सोडून त्याच्या शेजारी जाऊन बसलो असतो, हे त्याला ठाऊक होतं. मला रडू आलं आणि रागही आला. ती जागा माझी होती.

आणि नेमकं तेव्हाच टर्नहॅमला अक्कल सुचली.

"साहेब, शंकेला जागा नको. बाहेर नावेपाशी तो जॅक आहे, त्याला आत बोलवा. दोघांना शेजारी उभं करा. माझा अशील निग्रो नाही, हे आंधळ्यालाही दिसेल."

"उत्तम," कर्नल म्हणाले. "शेरीफ, त्या जॅकला आणा. मग निकाल देतो."

शेरीफ दाराकडे वळला. मला अजून माझा वकील प्रिय आहे, पण त्या क्षणी मी त्याचा गळा दाबला असता. गप्प राहिलो तर मी सुटत होतो. शेरीफ दार उघडणार, नदी बघणार, आणि क्वाको धरला जाणार. शेरीफला थांबवायचं तर काहीतरी वेडंवाकडं करायला हवं होतं, आणि वेडंवाकडं केलं तर हातातोंडाशी आलेला घास जाणार होता.

मी विचार केला असं म्हणायला मला आवडेल. पण मी विचार केला नाही. मी चौथऱ्यावर धाडकन गुडघे टेकले, दोन्ही हात जोडले आणि आमच्या गावच्या देवळात घालतात तसं, फुफ्फुसात होता तेवढा वारा लावून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजाऽऽ!"

कर्नलच्या हातातली लेखणी पडली. शेरीफ जागच्या जागी गर्रकन फिरला.

"हे काय?" कर्नल ओरडले.

मी सायमनकडे पाहिलं. सायमन खिडकीकडे बघत होता. त्याने नाव पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

"प्रार्थना," तो म्हणाला. "आमच्यात न्याय मिळाला की न्याय देणाऱ्यासाठी प्रार्थना करतात. चालू असताना कुणी हलायचं नाही. जो हलतो त्याला ती उलटी लागते."

शेरीफचा एक पाय उचललेला होता. तो त्याने तसाच ठेवला.

"बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या रवळनाथा म्हाराजा! आज जा काय ह्या तुझ्या लेकरान गाराणा घातल्यान हा, ता मान्य करून घे रे म्हाराजा!"

आता पंचाईत अशी की गाऱ्हाणं एकट्याने होत नाही. एकाने मागायचं आणि सगळ्या गावाने होकार भरायचा, अशी रीत आहे. होकार आला नाही तर पुढचं मागणं तोंडातून निघत नाही. मीच हळू आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणालो आणि सायमनला कोपर मारलं.

"क्वाकोच्या होडयेक ओहोटी गावांदे, वारो पाठीर ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सायमन खणखणीत आवाजात म्हणाला. सत्तर वर्षांचा माणूस, पण एकदा ऐकलेलं अचूक उचललं.

"काय मागतोय?" कर्नलनी ओठ न हलवता विचारलं.

"तुमच्या पायाची सूज उतरू दे म्हणतोय."

कर्नलनी हळूच टोप काढून मांडीवर ठेवला. शेजारच्या न्यायाधीशांनीही काढला.

"डिनाच्या हातातला वल्हा सरळ चलांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी मागच्या बाकांवरूनही दोन-तीन आवाज आले. चर्चमध्ये बसून बसून त्या लोकांना कुठे होकार भरायचा ते बरोबर कळतं.

"ह्या सायबाक," मी हार्ग्रोवकडे हात केला, "आसा तसो खुर्चेर बसवन ठेव. उठाक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अर्धी कचेरी.

"माझं नाव घेतलं का त्याने?" हार्ग्रोवने दबक्या आवाजात विचारलं.

"घेतलं," सायमन म्हणाला. "तुम्ही आहात तसे राहावेत, म्हणतोय."

हार्ग्रोव टकमका बघायला लागला. आठ वर्षांत मी त्याच्याबद्दल इतकं चांगलं कधी बोललो नव्हतो. तो हलायला मात्र धजत नव्हता.

नाव वळणाजवळ येत होती, पण किती हळू! मी रवळनाथ संपवला, मग सातेरी घेतली, मग वेताळ घेतला. वाटेवरच्या इडापिडा, वाकडंनाकडं, दृष्ट, करणी सगळं दूर करायला सांगितलं. ते संपल्यावर सोलकढी कशी करतात ते सांगितलं. मालवणच्या खाडीत कुठे कुठे खडक आहेत ते सांगितलं. प्रत्येक खडकाला कचेरीने दणदणीत "व्हय म्हाराजा" म्हटलं. शेरीफचा उचललेला पाय थरथरत होता आणि त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. क्वाकोला बघायचा होता तो घाम हाच, असं माझ्या मनात आलं आणि माझा आवाज फुटला. लोकांना वाटलं, भक्तीने फुटला.

शेवटी नाव झाडीच्या टोकाशी आली. वल्ही उचललेली दिसली. एकजण फळीवर उभा राहिला. इतक्या लांबून चेहरा कुठला दिसायला! पण त्याने हात वर केला. कचेरीला केला की मला केला, कोण जाणे. मग नुसतं पाणी राहिलं.

"सगळ्यांका सुखी ठेव रे म्हाराजा," मी म्हणालो आणि उठलो. माझे गुडघे सोलवटले होते.

कर्नल बर्विकनी डोळे पुसले. पाय जरा हलवून बघितला. "खरंच हलका वाटतोय," ते म्हणाले. "अशी प्रार्थना काही आफ्रिकेतली नव्हे. हा माणूस इंडियन आहे. मोकळा आहे. शेरीफ, पाय खाली ठेवा. आणि त्या जॅकची आता गरज नाही."

टर्नहॅमने मला मिठी मारली आणि त्याच्या कोटाला चरबी लागली.

सगळे बाहेर पडले. धक्क्यावर नुसता दोर लोंबत होता. हार्ग्रोव एकदा दोराकडे, एकदा नदीकडे, एकदा दोराकडे बघत राहिला. मग त्याने बोंब ठोकली. घोडेस्वार धावले, बंदुकाही झाडल्या, पण तोवर नाव कुठल्या कुठे गेली असणार. पलीकडच्या तीरावरचे पंधरा-वीस सभ्य गृहस्थ अलीकडे अडकून पडले.

"पॉम्पी!" हार्ग्रोव किंचाळला. "पोहून जा आणि पलीकडची छोटी होडी घेऊन ये!"

मी मागे वळून पाहिलं. "पॉम्पी कोण, साहेब?"

मी धक्क्यावर पाय सोडून बसलो. मोकळा माणूस म्हणून मी केलेलं पहिलं काम म्हणजे बसून राहणं, आणि ते मला फार छान जमलं.

सायमन शेजारी येऊन बसला. मी विचारलं, "तुमच्या भाषेत तुम्ही मला काय काय विचारत होता?"

"माझी भाषा मला येत नाही," तो म्हणाला. "आजीबरोबर गेली. अकरा शब्द राहिलेत."

"कुठले?"

"माशांची नावं."

मग मला जे हसू फुटलं ते आवरेना. पोट धरून, धक्क्याच्या फळ्यांवर लोळून मी हसलो. मी काय म्हणत होतो ते त्याला सांगितलं, तेव्हा तोही हसला, दात नसलेलं हसू.

"तुम्ही का केलंत हे? जाळ्याच्या जागेसाठी?" मी विचारलं.

"तेही आहे." त्याने नदीत थुंकी टाकली. "दुसरं असं, की हे लोक वाट चुकून आमच्या दारात आले आणि तुमच्या नावाने आम्हाला हाका मारत बसले. त्यांच्या त्या चुकीपायी आमचं सगळं गेलं. म्हटलं, एकदा तरी ती चूक कुणाच्या कामी येऊ दे."

मग तो गंभीर झाला. "तुझ्या मित्राच्या कामी मात्र कुठला शब्द आला नाही. त्याला नावच लागली."

मी त्यांच्यातला नाही, हे सिद्ध करून मी सुटलो होतो. ती गोष्ट मला तेव्हा टोचली, आजही टोचते.

मी आणखी काही वर्षं त्या मुलखातल्या बंदरांत काम केलं. जाईन तिथे विचारायचो. कुणी म्हणे, जहाजांवर पोचलेल्यांत देवीची साथ आली आणि बरेच गेले. कुणी म्हणे, लढाई संपल्यावर राजाने काहींना उत्तरेला थंड मुलखात नेऊन सोडलं. क्वाको पोचला का, डिना पोचली का, हे मला कळलं नाही. शेवटी अमेरिकेतलंच एक जहाज मुंबईला निघालं, त्यावर चढलो आणि घरी आलो.

मालवणात आल्यावर लग्न केलं. बायको आवडी माझ्यापेक्षा पुष्कळ लहान आणि पुष्कळ शहाणी. दर वर्षी जत्रेला देवळात गाऱ्हाणं घालतात, तेव्हा मी गावकाराला एक ओळ जास्त घालायला लावतो. पहिल्या वर्षी त्याने नाक मुरडलं. मी त्याला एक मोठी इसवण पोचवली, तेव्हापासून घालतो. पण आवडीच्या मनातली पाल काही जाईना.

"ह्यो क्वाको म्हणजे कोण, ता खरा सांगा," ती म्हणाली. "बाईमाणूस तर नाय?"

"बाप्या तो. माझ्या जोडीक वल्हा मारी."

"आनि डिना?"

"तेची बायल."

"तुमका बरी ठावक तेची बायल!"

तिची समजूत अजून पुरती पटलेली नाही. पण जत्रेच्या दिवशी ती माझ्या शेजारीच उभी असते. गावकार हात जोडून सगळ्या गावासाठी, गुरांसाठी, होड्यांसाठी मागत जातो, आणि शेवटी माझ्याकडे एक नजर टाकून म्हणतो, "सात समुद्रापलीकडे क्वाको म्हणान कोन आसा, तेची होडी सुखरूप काठाक लाव रे म्हाराजा!"

कोण क्वाको, कुठली होडी, इतक्या वर्षांनी आता कसला काठ, कुणी काही विचारत नाही. सगळा गाव हात जोडून म्हणतो, "व्हय म्हाराजा!" आवडीचा आवाज त्यात सगळ्यात मोठा असतो.